वल्हांडणाच्या सप्ताहातील पहिली पेंढी

मिसर देशाच्या दास्यातून इस्राएल लोक सुटले त्या रात्रीच्या स्मरणार्थ यहुदी समाज जो सण पाळतो, त्यास मराठी पवित्र शास्त्रात वल्हांडण म्हटले आहे. येशूचा क्रूसावरील मृत्यू आणि त्याचे पुनरुत्थान याच सणाच्या दिवसांत यरुशलेमेत घडले, हे ख्रिस्ती माणसाला पाठ असते, परंतु त्यातून काय निष्पन्न होते याचा विचार तो क्वचितच करतो. निर्गमच्या बाराव्या अध्यायातील भोजन हे घाईचे भोजन आहे. वर्षाचे निर्दोष कोकरू विस्तवावर भाजायचे, त्याचे हाड मोडायचे नाही, बेखमीर म्हणजे पीठ न आंबवता केलेली भाकर आणि कडू भाजी त्याबरोबर घ्यायची, आणि हे सारे कंबर कसून, पायांत जोडे घालून, हातात काठी धरून खायचे. या सुटकेत परलोकाचा उल्लेखही नाही. ती विटा पाडून पाडून झिजलेल्या देहांची सुटका आहे.

मत्तय, मार्क व लूक यांच्या मते येशूचे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन होते, तर योहानाच्या वृत्तांताप्रमाणे तो सणाच्या तयारीच्या दिवशीच मरण पावला. हा वाद अभ्यासकांना आजवर मिटवता आलेला नाही आणि तो इथे मिटवण्याचे कारणही नाही, कारण चारही शुभवर्तमाने लिहिली जाण्यापूर्वीच पौलाने ख्रिस्ताला वल्हांडणाचा कोकरा म्हटले होते. मात्र सगळा भर कोकऱ्यावरच राहिला, तर ईस्टर हा उत्तम शुक्रवाराला जोडलेली पुरवणी ठरतो.

त्यावर उपाय वल्हांडणाच्याच सप्ताहात सापडतो. त्या दिवसांत जवाच्या पहिल्या कापणीची एक पेंढी मंदिरात आणली जाई व याजक ती परमेश्वरापुढे ओवाळी. तोवर नव्या धान्याची भाकर, हुरडा किंवा हिरवी कणसे खाण्यास लेवीय या ग्रंथाने मनाई केली आहे. पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात उठलेल्या ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो, ते याच विधीच्या परिभाषेत. पेंढी एकच असली तरी ती उभ्या शेताच्या वतीने येते, आणि मागे पीक उभे नसेल तर तिला काहीच अर्थ नाही. म्हणून ईस्टर हा एका थोर पुरुषावर झालेला चमत्कार नव्हे, आणि आत्मा अमर आहे या सर्वपरिचित कल्पनेचा दाखलाही नव्हे. मेलेल्यांचे देहासह उठणे सुरू झाले आहे, असा तो दावा आहे. हा दावा कोणाला पटो वा न पटो, तो सौम्य करून सांगणे प्रामाणिकपणाचे नाही.

ख्रिस्ती जगाने मात्र पुष्कळ काळ असे मानले की कोकऱ्याचा अर्थ आपल्याला कळला, तेव्हा वल्हांडणाचे काम संपले. या गर्वाचे फळ कडू निघाले: युरोपात ईस्टरचे दिवस यहुद्यांना भीतीचे वाटू लागले, आणि १९०३ साली किशिनेव्ह शहरातील त्यांची कत्तल ईस्टरच्या दिवशीच सुरू झाली. ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट शब्दांत मांडले ते १९६५ साली, म्हणजे फारच उशिरा.

वल्हांडण तर कधीच संपला नव्हता. इ. स. ७० मध्ये मंदिर पडले, कोकऱ्याचा यज्ञ थांबला, तरी सण घराघरांतील भोजनाच्या पंगतीत टिकून राहिला. इतर यहुद्यांपासून दीर्घकाळ तुटलेल्या कोकणातील बेने इस्राएल समाजातही, कारण विस्मरणात गेल्यावर, या दिवसांत आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवण्याची चाल चालूच होती.

कॅथलिक उपासनाविधीतही वल्हांडणाचे ऋण नियमाच्या रूपाने शिल्लक आहे: ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणात जुन्या करारातील सात वाचने नेमलेली असून सोयीसाठी ती कमी करता येतात, परंतु इस्राएल लोक समुद्र पार करून गेले तो निर्गमचा चौदावा अध्याय गाळण्याची मुभा कोणत्याही धर्मगुरूला नाही.