हायड्रोजनचे इंधन : जुना अनुभव, नवी उमेद आणि काही अडचणी



सतलज नदीवर भाक्रा धरण उभे राहत होते, त्या काळची ही हकिकत आहे. धरणापासून वीज विपुल मिळणार होती. परंतु ती घेणारे ग्राहक अद्याप थोडे होते. तेव्हा नियोजनकारांनी जवळच नांगल येथे खताचा कारखाना उभारला आणि १९६१ साली तो सुरू झाला. या कारखान्यात पाण्यातून विजेचा प्रवाह सोडून त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन असे विच्छेदन करीत. हायड्रोजनचा हवेतील नायट्रोजनशी संयोग घडवून अमोनिया आणि अमोनियापासून नत्रयुक्त खत तयार होत असे. याच विच्छेदनाचा लाभ घेऊन १९६२ साली देशातील पहिला जड पाण्याचा प्रकल्पही तेथे निघाला. आज ज्याला ‘हरित हायड्रोजन’ असे नवलाईचे नाव मिळाले आहे, तो साठ वर्षांपूर्वी आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर तयार होत होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात राहिलेली नाही.

मग ती पद्धत मागे का पडली? विहिरींवर पंप बसले, खेडोपाडी दिवे लागले, कारखानदारी वाढली आणि धरणाच्या विजेला चहूकडून मागणी आली. विच्छेदनाला वीज अतोनात लागते. तुटवड्याच्या दिवसांत एकाच कारखान्याने एवढी वीज घ्यावी, हे परवडेनासे झाले. १९७८ च्या विस्तारात नांगलने इंधन तेलाची कास धरली आणि २०१३ साली तो कारखाना नैसर्गिक वायूकडे वळला. यंत्रविद्येने दगा दिला नव्हता. अपुरी पडली ती वीज. हायड्रोजनसंबंधीच्या आजच्या उत्साही चर्चेत हा अनुभव ध्यानात ठेवलेला बरा.

हायड्रोजन हे कोळशासारखे खाणीतून काढून जाळावयाचे इंधन नव्हे. पृथ्वीवर मुक्त अवस्थेत तो फार थोडा सापडतो. पाण्यापासून किंवा नैसर्गिक वायूपासून तो वेगळा करावा लागतो आणि त्यासाठी आधी ऊर्जा खर्चावी लागते. विहिरीची उपमा द्यावयाची, तर हायड्रोजन हा झरा नसून पोहरा आहे. पोहऱ्याने पाणी वर येते; झरा मात्र आटलेला असेल तर पोहरा काय करणार?

तरीही या पोहऱ्याचे गुण मोठे आहेत. वजनाच्या मानाने त्यात पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते आणि तो जळला की पाणी तयार होते; कार्बन डाय-ऑक्साइड निघत नाही. १९२३ साली केंब्रिज येथील एका व्याख्यानात जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने असे भाकीत केले होते, की पुढे इंग्लंडात पवनचक्क्यांच्या रांगा उभ्या राहतील, वारा भरपूर असेल तेव्हा जादा विजेने पाण्याचे विच्छेदन करतील आणि तो हायड्रोजन साठवून वारा पडल्यावर वापरतील. हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे निवर्तले. त्यांनी या गोष्टीला चारशे वर्षांचा अवधी दिला होता. शंभर वर्षांतच जगातील सरकारे त्या उद्योगाला लागली आहेत.

केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद करण्यात आली आणि २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनक्षमतेचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्रानेही आपले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. हायड्रोजनला ‘हरित’ केव्हा म्हणावे, याचे मापही केंद्राने ठरवून दिले आहे : एक किलो हायड्रोजनमागे कर्बवायूंचे उत्सर्जन दोन किलोंहून अधिक नसावे. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना ते नऊ-दहा किलोंपर्यंत जाते. आज खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण कारखाने वापरतात तो हायड्रोजन बहुतांशी याच प्रकारचा आहे.

आता थोडा हिशेब पाहू. एक किलो हायड्रोजन तयार करण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते. युनिट तीन रुपयांस मिळाले, तरी केवळ विजेचाच खर्च किलोमागे दीडशे रुपयांवर जातो. यंत्रसामग्रीची किंमत वेगळीच. सूर्य मावळला की सौर वीज थांबते आणि ती महागडी यंत्रे हात जोडून बसतात. त्यामुळे वाऱ्याच्या विजेची जोड द्यावी लागते. शिवाय या हायड्रोजनपासून इंधन-घटात पुन्हा वीज करावयाची म्हटली, तर आरंभीच्या शंभर युनिटांपैकी तीस-पस्तीसच परत हाती येतात. तेव्हा जे काम तारेतून येणाऱ्या विजेने होते, ते हायड्रोजनने करणे म्हणजे द्राविडी प्राणायाम होय. घरातील चूल किंवा लहान मोटार यांसाठी त्याचा फार आग्रह धरू नये. पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजनवर चालणारी देशी बनावटीची बस दाखविण्यात आली, तिचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु हायड्रोजनचे खरे क्षेत्र खत, पोलाद आणि तेलशुद्धीकरण हेच आहे. लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेण्याचे कोळशाचे काम हायड्रोजन करू शकतो. स्वीडनमध्ये २०२१ साली असे पोलाद तयारही झाले. खतासाठी लागणाऱ्या हरित अमोनियाचे लिलाव भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने २०२५ साली घेतले. म्हणजे फिरून गाडी नांगलच्याच वाटेवर आली. रायगड जिल्ह्यातील थळ येथे नैसर्गिक वायूवर चालणारा मोठा खत कारखाना आहे, तेव्हा महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही.

पंचायत सदस्यांना अधिक जवळचा प्रश्न पाण्याचा आणि जमिनीचा आहे. रासायनिक हिशेबाने एक किलो हायड्रोजनला नऊ लिटर पाणी लागते. शुद्धीकरण आणि शीतकरण धरता ते वीस लिटरच्या आसपास जाते. वर्षाला एक लाख टन हायड्रोजन करणारा प्रकल्प घेतला, तर त्याला सुमारे २०० कोटी लिटर पाणी लागेल. माणशी ५५ लिटर या जलजीवन मिशनच्या प्रमाणाने हे एक लाख ग्रामस्थांचे वर्षभराचे पाणी झाले. देशाच्या एकूण पाण्यात ही रक्कम क्षुल्लक आहे, असे तज्ज्ञ म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु ज्या तालुक्यात मार्च उजाडताच टँकर सुरू होतो, तेथील माणसाला देशाच्या सरासरीचे पाणी पिता येत नाही. समुद्रकिनाऱ्यावर खारे पाणी गोडे करून वापरता येते आणि त्याचा भार एकूण खर्चात अल्पच पडतो. म्हणून किनाऱ्याची निवड शहाणपणाची ठरते. जमिनीचेही तसेच. एवढ्या प्रकल्पाची वीज केवळ सौर पट्ट्यांवर घ्यावयाची, तर बारा हजार एकरांहून अधिक जागा लागेल. ती पडीक आहे की गुरचरणाची, आणि भाडेपट्टा किती वर्षांचा व कोणत्या दराने, हे ग्रामसभेने प्रकल्प येण्यापूर्वीच विचारून घ्यावे. प्रकल्प आल्यानंतर विचारणारे पुष्कळ असतात.

धोक्याविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. हा वायू रंगहीन व गंधहीन आहे, दिवसाउजेडी त्याची ज्योत दिसत नाही आणि हवेत चारपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. तो पोलादात शिरून त्यास ठिसूळ करतो, म्हणून हाती असलेल्या साध्या नळांतून तो सरसकट वाहून नेता येत नाही. द्रवरूप करावयाचा तर उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. मात्र तो हवेपेक्षा कितीतरी हलका असल्याने उघड्यावर झटकन वर निघून जातो. खत कारखान्यांत तो कित्येक दशके नेटाने हाताळला जात आहे. धोका आहे तो मुख्यतः बंदिस्त जागेत आणि अप्रशिक्षित हातांत.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज दाखविता येईल. नऊ व्होल्टची एक बॅटरी, दोन्ही टोके तासलेल्या दोन शिसपेन्सिली, वायरीचे दोन तुकडे आणि खाण्याचा सोडा टाकलेले पेलाभर पाणी, एवढे साहित्य पुरते. मिठाचा वापर मात्र करू नये, कारण त्याने विषारी क्लोरीन निघू शकतो. खोलीची खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ काडी पेटवू नये. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या पेन्सिलीभोवती बुडबुड्यांची दाटी अधिक झालेली दिसेल. तो हायड्रोजन, दुसरीकडच्या ऑक्सिजनच्या दुप्पट.