दोन पत्त्यांचं शहर

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून आलेल्या माझ्या केबल-ब्रॉडबँडवाल्या मित्रांनो,

छत्रपती संभाजीनगरातून गेलेल्या आमच्या निमंत्रणाला काही जणांची उत्तरं ‘औरंगाबाद’ असा पत्ता घालून आली. पोस्टमननं तीही बिनचूक आणून दिली. जिल्ह्याचं नाव २०२३ साली बदललं, विमानाच्या तिकिटावर मात्र कोड तोच, आयएक्सयू. जुना आणि नवा पत्ता एकाच वेळी चालवायचा, याला आपल्या धंद्यात ड्युअल स्टॅक म्हणतात. आमचं अख्खं शहर सध्या ड्युअल स्टॅकवर आहे!

इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत म्हणजे आयपी व्ही-सिक्स. तिचा आराखडा १९९८ सालीच कागदावर तयार होता. मग तो इतकी वर्षं पडून का राहिला? कारण ज्यांच्या हातात निर्णय होता, त्यांना अडचणच नव्हती. जुन्या पद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी. त्यातले १ कोटी ६७ लाख एकट्या एमआयटीकडे होते. आपल्या बीड बायपासजवळच्या कॉलेजकडे नव्हे, अमेरिकेतल्या विद्यापीठाकडे. घरात धान्याची कोठारं भरलेली असताना नवं शेत कोण नांगरतो? फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठा संपला, एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिकचाही तळ दिसला. त्यानंतर या धंद्यात येणाऱ्या नव्या कंपनीच्या वाट्याला फार तर १,०२४ पत्ते. २०१९ पासून तर ५१२च.

दूरसंचार खात्यानं २०१० आणि २०१३ साली आराखडे काढले. मुदती आल्या आणि पुढं ढकलल्या गेल्या. चाक खरं फिरलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये. मोबाइल कंपन्यांत जिओ उशिरा आली, टूजी-थ्रीजीचं ओझं तिच्याकडं नव्हतं आणि कोट्यवधी ग्राहकांना पुरतील एवढे जुने पत्तेही नव्हते. म्हणून तिनं थेट व्ही-सिक्सवर जाळं उभारलं. आज देशात इंटरनेट वापरणारे निम्म्याहून जास्त लोक व्ही-सिक्स वापरतात. हे त्यांच्या गावीही नाही, आणि असायचं कारणही नाही. आपण मागास म्हणून मागं राहिलो असं म्हणायची सवय आहे आपल्याला. इथं मात्र रिकाम्या हातानं आलेलाच पुढं गेला.

आता आपलं, म्हणजे वायरवाल्यांचं. गुलमंडीवरच्या एका कापडवाल्या काकांना दुकानातला कॅमेरा घरून मोबाइलवर बघायचा होता. जोडणी आमचीच. पोर्ट फॉरवर्डिंग केलं, तरी पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. राउटर उघडून पाहिला तर बाहेरचा पत्ता १००.६४नं सुरू होणारा. म्हणजे शेकडो ग्राहक आम्हीच एका पत्त्यामागं दाटीवाटीनं बसवलेले. व्ही-सिक्स सुरू करून दिलं, तर त्या जुन्या डीव्हीआरला ते कळेना. शेवटी महिन्याला जादा पैसे घेऊन स्थिर पत्ता दिला. काकांनी ते हसत दिले नाहीत, हे सांगायला नको.

ही दाटीवाटी फुकटही नसते. त्यासाठी यंत्र घ्या, कोणत्या क्षणी कोणता ग्राहक कोणत्या पोर्टवर होता याच्या नोंदी सांभाळा. चौकशीचं पत्र येतं, त्यात वेळ असते, पोर्ट नसतो. मग उत्तर काय देणार? दोनशे जण होते, साहेब! तरी आपण हेच चालवतो, कारण ग्राहक कधी व्ही-सिक्स मागत नाही आणि खांबावर चढणाऱ्या आपल्या पोरांना ते कुणी शिकवलेलं नाही. माझ्या मते दोष तंत्राचा नाही, आपल्या खरेदीचा आहे. व्ही-सिक्स न चालणारा स्वस्तातला राउटर आपणच आणतो.

म्हणून व्यासपीठावरच्या पाहुण्यांना विनंती, आज तत्त्वं कमी सांगा आणि कॉन्फिगरेशन जास्त दाखवा. सभागृहाच्या वायफायवर दोन्ही पत्ते सुरू आहेत. पासवर्ड मागच्या रांगेतल्या निळ्या टी-शर्टवाल्या मुलांकडं मिळेल. कुणाचा फोन व्ही-सिक्स घेत नसेल तर त्या मुलांना जरूर दाखवा. आणि दुपारी जेवायला नानखलिया आहे, शाकाहारींची पंगत डावीकडं.