मांडव्याचा वारा

पावसाळा लागला म्हणजे गेटवेहून मांडव्यास जाणाऱ्या प्रवासी लाँची बंद होतात. ज्या नैर्ऋत्य वाऱ्यानें त्या थांबतात, तोच वीज निर्माण करण्यास सर्वांत समर्थ; कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याची शक्ति आठपट होते.

डेन्मार्कनें १९९१ सालीं विंडेबी येथें समुद्रांत ११ पवनचक्क्या उभारल्या. आपल्या सरकारचें सागरी पवनविजेचें धोरण २०१५ सालीं जाहीर झालें. २०२४ सालीं ७,४५३ कोटि रुपयांचें साहाय्य मंजूर झालें. तें मात्र गुजरात व तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांवरील प्रत्येकीं ५०० मेगावॅटसाठीं. त्यांत कोंकणचा किनारा नाहीं.

हा अवकाश वायां जाऊं नये. जून-जुलै महिन्यांत मासेमारीस बंदी असते; तेव्हां समुद्र मोकळा असतो. परंतु चक्क्यांचे खांब बारा महिने उभे राहणार, आणि बंदी उठतांच त्याच पाण्यांत कोळ्यांचीं जाळीं पडणार. म्हणून नकाशावर रेघ ओढण्यापूर्वीं, कोणत्या महिन्यांत कोठें जाळें पडतें, हें कोळीवाड्यांत जाऊन विचारावें. शहरास वीज मिळावी आणि कोळ्याची मासळी जावी, हा व्यवहार न्याय्य नव्हे.