परदेशप्रवास आणि व्हीपीएनची निवड



नंदुरबार हें गांव पूर्वीं सुरत-बुऱ्हाणपूर या मोठ्या व्यापारी वाटेवरचें ठिकाण होतें. सुरतेच्या बंदरांत उतरलेला माल आणि माणूस याच वाटेनें पुढें जात असे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो हा जहांगीर बादशहाच्या भेटीस निघाला, तोही १६१५ सालीं येथूनच बुऱ्हाणपुराकडे गेला. त्या काळीं वाटेंत लुटारूंचें भय असे, म्हणून प्रवासी बरोबर पहारेकरी घेत. पहारेकरी घेतला म्हणजे चोराची धास्ती कमी होई खरी. परंतु गांठोड्यांत काय आहे आणि मुक्काम कोठें आहे, हें त्या पहारेकऱ्यास ठाऊक होई. तेव्हां पहारेकरी घ्यावा कीं नाहीं, या प्रश्नाइतकाच तो कोणाचा माणूस आहे, हा प्रश्नही महत्त्वाचा होता.

आजच्या भाषणाचा विषय असाच एक पहारेकरी आहे. त्याचें नांव व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरील आभासी खासगी जाळें. परदेशीं जाणाऱ्यानें तें घ्यावें काय, आणि घ्यावयाचें तर कसें निवडावें, एवढाच विचार आज करावयाचा आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या मंडळींचा, असें कोणी समजूं नये. याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं २९ सप्टेंबर २०१० रोजीं देशांतील पहिले आधार क्रमांक देण्यांत आले. तेव्हांपासून बँकेचें खातें, निवृत्तिवेतन, प्राप्तिकराचें विवरणपत्र, अशा घरच्या नाना व्यवहारांच्या किल्ल्या हळूहळू मोबाइलमध्यें जाऊन बसल्या आहेत. मुलगा वैद्यकीच्या शिक्षणास रशियास जातो, लेक-जांवई दुबईस बिऱ्हाड करितात, आणि आईवडील त्यांच्याकडे दोन महिने राहावयास जातात. त्या वेळीं या किल्ल्याही त्यांच्याबरोबर परमुलखांत जातात.

प्रथम हें व्हीपीएन करतें काय, तें पाहूं. आपण हॉटेलांत किंवा विमानतळावर वायफाय जोडतों, तेव्हां आपलें प्रत्येक पत्र त्या जागेच्या मालकाच्या हातून बाहेर पडतें. पूर्वीं हीं पत्रें पोस्टकार्डासारखीं उघडीं असत. आतां बँका आणि बहुतेक संकेतस्थळें मजकूर पाकिटांत लाखबंद करूनच पाठवितात. पत्त्याच्या आरंभीं एचटीटीपीएस हीं अक्षरें असतात, त्यांचा अर्थ हाच. म्हणजे आपण कोणत्या बँकेस पत्र लिहिलें हें वायफायच्या मालकास कळूं शकतें. आंत काय लिहिलें तें कळत नाहीं. व्हीपीएन सुरू केलें कीं हीं सारीं पाकिटें एका कुलुपबंद थैलींत पडतात. ती थैली त्या कंपनीच्या दूरच्या सर्व्हरवर जाऊन उघडते आणि तेथून पाकिटें आपापल्या पत्त्यावर रवाना होतात. वायफायच्या मालकास केवळ थैली दिसते, आणि पलीकडच्या संकेतस्थळास वाटतें कीं पत्र त्या सर्व्हरच्या गांवाहूनच आलें.

एवढेंच तिचें काम. जाहिरातींत याहून पुष्कळ अधिक सांगितलेलें असतें, म्हणून मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. कोणी फोन करून ओटीपी विचारला आणि आपण तो सांगितला, तर उत्तमांतलें उत्तम व्हीपीएनही आपले पैसे वांचवूं शकत नाहीं. बनावट ॲप आपण होऊन मोबाइलांत घेतलें, तर चोर थैलीच्या आंतच बसलेला असतो. आणि गूगलच्या खात्यांत स्वतःच्या नांवानें शिरल्यावर आपण कोण हें गूगलला कळतेंच.

मग त्याची गरज कोणास? ज्यांस परक्या वायफायवर नित्य काम करावें लागतें, त्यांस हें जास्तीचें कुलूप उपयोगी आहे. दुसरें असें कीं, भारतांतील कांहीं सरकारी संकेतस्थळें परदेशांतून उघडत नाहींत; त्यांस भारतांतला पत्ता दिसावा लागतो. पण पैसे भरण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. विद्यार्थ्याचें विद्यापीठ आणि नोकरदाराची कचेरी पुष्कळदां स्वतःचें व्हीपीएन देते; त्यांच्या कामापुरतें तें पुरेसें असतें. आणि आपलें भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेविलें, तर त्याचा डेटा बहुधा मूळ कंपनीच्याच जाळ्यांतून फिरून येतो, हॉटेलच्या वायफायचा संबंधच राहत नाहीं, आणि बँकेचा ओटीपीही त्याच सिमवर येतो. ओटीपी आणून देणें हें काम कोणतेंही व्हीपीएन करीत नाहीं. आठ दिवसांच्या सहलीस अशा रोमिंगवर बहुतेकांचें भागतें.

आतां निवडीकडे वळूं. व्हीपीएन घेतल्यानें विश्वास ठेवण्याची गरज संपत नाहीं. हॉटेलवाल्यावरचा विश्वास काढून आपण तो एका कंपनीवर ठेवितों, इतकाच फरक. हॉटेलवाला आपणांस दोन रात्रीं पाहतो. ही कंपनी आपणांस रोज पाहूं शकते. म्हणून मोफत सेवेविषयीं विशेष सावध असावें. ओनाव्हो नांवाची इस्रायली कंपनी फेसबुकनें २०१३ सालीं विकत घेतली. तिचें मोफत व्हीपीएन लोक संरक्षणासाठीं घेत, आणि लोक कोणतीं ॲप किती वेळ वापरतात ही माहिती त्याच वाटेनें फेसबुककडे जाई. ॲपलनें २०१८ सालीं तें आपल्या दुकानांतून काढविलें. २०१९ सालीं फेसबुकनें तें बंद केलें. आणि २०२३ सालीं ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें त्या समूहाच्या दोन कंपन्यांस मिळून २ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांचा दंड केला. दुसरें उदाहरण २०२० चें. यूएफओ व्हीपीएन आदिकरून कांहीं मोफत सेवा ‘आम्ही ग्राहकाची नोंद ठेवीत नाहीं’ असें सांगत असत. त्याच सेवांच्या नोंदी त्या सालीं इंटरनेटवर उघड्या पडलेल्या सांपडल्या.

नोंद न ठेवण्याचें वचन खरें कीं खोटें, हें ओळखावें कसें? एक तर त्या कंपनीनें बाहेरच्या तपासनिसांकडून आपली व्यवस्था तपासून घेऊन तो अहवाल प्रसिद्ध केला आहे काय, हें पाहावें. दुसरें, कसोटीचा प्रसंग आला असतां काय झालें, हें पाहावें. स्वीडनमधील मुलव्हाड या कंपनीच्या कचेरींत १८ एप्रिल २०२३ रोजीं पोलीस झडतीचा हुकूम घेऊन आले. ग्राहकांच्या नोंदी ठेविलेल्याच नसल्यामुळें त्यांस रिक्त हस्तानें परतावें लागलें. एक्स्प्रेस व्हीपीएनचा तुर्कस्थानांतील सर्व्हर तेथील अधिकाऱ्यांनीं एका खुनाच्या तपासांत जप्त केला होता. त्यांतही उपयोगी नोंद मिळाली नाहीं. शंभर जाहिरातींहून असे प्रसंग अधिक बोलके असतात.

परंतु मालकी कोणाची, हेंही पाहावें. कारण ती बदलते. हीच एक्स्प्रेस व्हीपीएन २०२१ सालीं केप टेक्नॉलॉजीज या कंपनीनें सुमारें ९३ कोटी ६० लाख डॉलरांस घेतली. सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस या सेवा आधींच केपच्या हातीं होत्या. आणि कोणतें व्हीपीएन चांगलें हें लोकांस सांगणारें व्हीपीएनमेंटर हें संकेतस्थळ चालविणारी कंपनीही केपनें त्याच वर्षीं विकत घेतली. माल विकणारा आणि मालाची पारख सांगणारा एकाच पेढीचा असला, तर त्या पारखेस किती वजन द्यावें, हें सुज्ञांस सांगणें नको.

आपल्या सरकारचा नियमही ध्यानांत असावा. भारतांत व्हीपीएन वापरणें हा स्वतः गुन्हा नाहीं. मात्र सर्ट-इन या केंद्रीय संस्थेनें २८ एप्रिल २०२२ रोजीं काढलेल्या निदेशांनीं व्हीपीएन पुरविणाऱ्यांस ग्राहकांचीं नांवें, पत्ते व इतर माहिती निदान पांच वर्षें जपून ठेवणें बंधनकारक केलें. त्यावर एक्स्प्रेस, नॉर्ड, सर्फशार्क इत्यादि कंपन्यांनीं त्याच वर्षीं आपले सर्व्हर भारतांतून हलविले. एक्स्प्रेसनें भारतीय पत्ता देणारे सर्व्हर सिंगापूर व इंग्लंड येथें बसविले. म्हणून कोणी कंपनी ‘भारत’ असें नांव दाखवील, तर तो सर्व्हर कोठें आहे हें विचारावें, आणि आपल्या कामाचें संकेतस्थळ त्यावरून उघडतें कीं नाहीं, हें पैसे गुंतविण्यापूर्वीं पाहून घ्यावें.

याहून मोठा प्रश्न त्या त्या देशाच्या कायद्याचा. संयुक्त अरब अमिरातींत परवाना नसलेल्या इंटरनेट-दूरध्वनीवर निर्बंध आहेत. नातवाचा चेहरा पाहण्यासाठीं आजोबांनीं नेहमींच्या ॲपवर लावलेला फोन लागत नाहीं, आणि कोणी तरी सहज सुचवितो, ‘व्हीपीएन लावा.’ तेथील २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या कायद्याप्रमाणें, गुन्हा करण्यासाठीं किंवा लपविण्यासाठीं आपला इंटरनेटवरील पत्ता फसवून बदलणाऱ्यास कैद व ५ लाख ते २० लाख दिरहम दंड होऊं शकतो. तेथें परवाना असलेलीं ॲप मिळतात. तींच वापरणें श्रेयस्कर. चीनमध्यें गूगल व व्हॉट्सॲप बंद आहेत आणि सरकारमान्य व्हीपीएनच चालतें. ॲपलच्या तेथील दुकानांतून अशीं ॲप २०१७ सालींच काढण्यांत आलीं. रशियांत निर्बंध ओलांडण्याच्या उपायांची माहिती पसरविण्यास १ मार्च २०२४ पासून मनाई आहे. जेथें जावयाचें तेथील नियम जाण्यापूर्वीं पाहावा. आणि नियम आड येत असेल, तर सोयीसाठीं मुलाच्या शिक्षणाचा किंवा जांवयाच्या नोकरीचा जुगार खेळूं नये.

शेवटीं व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, ॲप अधिकृत दुकानांतूनच घ्यावें, आणि कंपनीचें नांव अक्षर न् अक्षर ताडून पाहावें. दुसरी, आरंभीं एक महिन्याचेंच शुल्क भरावें. तीन वर्षांचे पैसे आगाऊ देण्याचा मोह टाळावा. तिसरी, त्यांत वायरगार्ड किंवा ओपनव्हीपीएन ही पद्धत असावी, जुनी पीपीटीपी नसावी. आणि जोडणी तुटतांच इंटरनेट थांबविणारी सोय असावी, नाहींतर थैली मध्येंच फाटल्याचें आपणांस कळत नाहीं. चौथी, आज जर्मनी, उद्यां सिंगापूर, असे सर्व्हर बदलीत बँकेचें खातें उघडूं नये; बँकेस संशय येतो आणि परमुलखांत खातें अडकून पडतें. या सर्वांचा सराव निघण्याआधीं घरच्या ओट्यावर बसून करावा.

गरज नसेल तर व्हीपीएन न घेणें हीही एक निवडच आहे. गरज असेल तर मात्र किंमत आणि वेग पाहण्यापूर्वीं, थैली कोणाच्या हातीं जाते आणि तो ती कोठें उघडतो, हें विचारावें. त्याचें सरळ उत्तर जी कंपनी देत नाहीं, तिला आपल्या घरच्या किल्ल्या देऊं नयेत. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.