इमारतीखालची जमीन कोणाची?



गृहनिर्माण संस्थांच्या या परिषदेत समोर सोसायट्यांचे चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार बसले आहेत. घरच्यांची बोलणी खाऊन शेजाऱ्यांच्या टाक्या, लिफ्ट आणि गळती यांची काळजी वाहणारी ही माणसे आहेत. त्यांच्यापुढे मला एकच प्रश्न ठेवायचा आहे. आपल्या इमारतीखालची जमीन कोणाची?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. पुण्यातल्या नदीकाठच्या पेठांतले वाडे कोसळले आणि पिढ्यान्‌पिढ्या भाड्याने राहिलेली कुटुंबे उघड्यावर आली. पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या, सहकारनगरसारखी वस्ती वाढली. सहकारी संस्थांचा नवा, १९६० चा कायदा नुकताच झाला होता. १९६३ मध्ये सदनिकांच्या मालकीचा कायदा, म्हणजे आपला मोफा आला. संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीसह इमारत संस्थेच्या नावे करून द्यावी, असे त्याच्या नियमांत आहे. वाड्यातल्या भाडेकरूला मालक करणारी ही मोठी गोष्ट होती.

ती कागदावरच राहिली. ताबा दिला, पैसे घेतले आणि पुढचा प्रकल्प धरला, अशीच बहुतेक बिल्डरांची रीत. म्हणून २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, आले. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधक सुनावणी घेऊन संस्थेच्या बाजूने आदेश देऊ शकतात.

तरीही चित्र काय आहे? कर्वेनगरातल्या एका जुन्या, चार मजली इमारतीची मिळकत पत्रिका मध्यंतरी माझ्या हाती आली. वर्षानुवर्षे महापालिकेचा कर भरणाऱ्या सभासदांचा तिच्यावर उल्लेख नव्हता. नाव होते मूळ जमीनमालकाचे आणि त्याखाली त्याच्या वारसांचे. स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या आहेत, जिना चढताना ज्येष्ठांना धाप लागते, पुनर्विकासाला सगळे तयार आहेत. येणारा प्रत्येक विकसक आधी विचारतो, "कन्व्हेयन्स झालंय का?" तिथेच बैठक संपते. मग वारस जमिनीत वाटा मागतात, आणि वाढीव चटईक्षेत्राचा लाभ कोणाचा यावर वकिलांची पत्रापत्री सुरू होते.

सोसायटीऐवजी अपार्टमेंट पद्धतीने मालकी घेतलेल्यांनीही गाफील राहू नये. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली डिक्लरेशन नोंदले, पण प्रत्येक सदनिकेचे अपार्टमेंट डीड राहून गेले, अशी उदाहरणे पुण्यात पुष्कळ सापडतात. नव्या उपनगरांतल्या टप्प्याटप्प्याने बांधल्या जाणाऱ्या संकुलांची अडचण निराळी. शेवटची इमारत पूर्ण होईपर्यंत जमिनीचे हस्तांतरण लांबते, आणि ती शेवटची इमारत कधी होणार हे बिल्डरच ठरवतो. स्थावर संपदेचा नवा कायदा, म्हणजे रेरा, आल्यावरही ही गाठ पुरती सुटलेली नाही.

शासनाला माझे आग्रहाचे सांगणे आहे. मंजूर नकाशा महापालिकेकडे आहे, सात-बारा आणि मिळकत पत्रिका महसूल व भूमी अभिलेख खात्याकडे, करारनामे नोंदणी खात्याकडे. सगळी दप्तरे सरकारची. मग मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जासाठी त्यांच्या नकला गोळा करायला निवृत्त माणसांनी रिक्षा करून कार्यालयामागून कार्यालय का हिंडावे? संस्थेने अर्ज करावा आणि कागद शासनाने शासनाकडूनच मागवावेत. हा सभासदांचा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आणि आपल्याला सांगणे असे. उपनिबंधकांचा आदेश हाती आला म्हणजे काम झाले, असे समजून फाइल कपाटात ठेवू नका. मुद्रांक कार्यालयात शुल्काचा अभिनिर्णय, दुय्यम निबंधकांकडे दस्तनोंदणी आणि शेवटी मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव, इथपर्यंत पाठपुरावा करा. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायचीच आहे. पार्किंगचा वाद पुढे ढकला आणि यंदाच्या विषयपत्रिकेवर अभिहस्तांतरण पहिल्या क्रमांकावर घ्या.