इंजिनाची घोडी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणगौरवाच्या सभेत इंजिनावर बोलणार, असे आम्ही कळविले तेव्हा चिटणीसांस किंचित आश्चर्य वाटले. परंतु आज व्यासपीठावर आलेल्या मुलांत गॅरेजात काम करणारा एकही नाही. आपण सुतार-लोहार स्वतःस विश्वकर्म्याचे वंशज म्हणवितो. तेव्हा आमचा विषय अप्रस्तुत नसावा.

मद्रासेस १९५५ साली स्थापन झालेल्या कारखान्याची, ओतीव लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट आपण सर्व जाणता. ते इंजिन २०१० च्या सुमारास बनण्याचे थांबले, तरी रस्त्यावरून गेलेले नाही. आपली मुले ते जमिनीवर, पायांत धरून उघडतात. बूड सपाट नसल्याने इंजिन डुलते. घट्ट नटावर जोर लावताच पाना निसटतो. सोललेले बोट भरून येते, सिलिंडरची तुटलेली पाती येत नाही. व्हाइसमध्ये धरावे, तर ॲल्युमिनियमचा क्रँककेस पोलादी जबड्यांत चेपतो आणि पुढे जोडातून तेल गळते.

खरा शत्रू मात्र जमिनीवरची रेती. ह्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी रोलर नसून तरती बुश असते. दाबाने येणाऱ्या तेलावरच ती तगते. त्या तेलातून खर गेली की सारी मेहनत फुकट! दूध घालणाऱ्या गृहस्थाचे चार दिवस बुडतात, आणि दोष येतो मुलाच्या पदरी.

ह्यावर उपाय घोडीचा. इंजिन गाडीच्या सांगाड्यास ज्या भोकांनी जोडलेले असते, त्याच भोकांनी ते घोडीत धरावे; अन्यत्र कोठेही आवळू नये. प्रथम पुठ्ठा दाबून भोकांचा ठसा घ्यावा. त्याबरहुकूम ४० मिलिमीटरच्या लोखंडी अँगलला भोके पाडून चार खांब उभे करावे, ते बाभळीच्या जाड चौकटीवर बसवावे व चौकट टेबलास बोल्टने जखडावी. डावीकडे क्लच व उजवीकडे टायमिंगची बाजू मोकळी राहिली पाहिजे. खाली तेलाचे बूच उघडून परात सरकेल इतकी जागा हवी. हे पुष्कळजण विसरतात.

अशी घोडी बाजारात मिळते, हे खरे. परंतु लाकूड व लोखंड दोन्ही जाणणारे हात ज्या घरांत आहेत, त्यांनी ती विकत का घ्यावी?

कार्यकारिणीस आमची विनंती आहे, की पुढील वर्षी शिष्यवृत्तीच्या निधीतून गॅरेजात शिकणाऱ्या मुलांस एकेक घोडी व पान्यांचा संच द्यावा. निधी शिक्षणाकरिता आहे, असा आक्षेप येईल. आयुष्यभर वह्या तपासलेल्या माणसास हे शिक्षण नव्हे असे मुळीच वाटत नाही.

नमुना मागील पडवीत ठेविला आहे. भोजनोत्तर ज्यांस मापे घ्यावयाची असतील, त्यांनी कागद व फूटपट्टी घेऊन यावे.