संगणक घेताना आधी घरचा प्लग पाहा

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक मागणी येते, 'मला कॉम्प्युटर हवा.' त्यावर घरची माणसं विचारतात, 'केवढ्याला पडेल?' मी म्हणतो, किंमत थोडी बाजूला ठेवा. त्यावर काम काय होणार आणि तो घरातल्या कोणत्या प्लगला लागणार, हे आधी ठरवा. आज मी याच क्रमाने बोलणार आहे.

सुटे भाग निवडून कॉम्प्युटर जोडता येतो, ही सोय 1981 सालापासूनची. आयबीएमने त्या वर्षी आपला पीसी काढला, तो बाजारात मिळणारे भाग घेऊन. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. मग इतर कंपन्यांनीही तशीच यंत्रं केली. पुढे 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाची मापं ठरवून दिली, म्हणून आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये स्क्रूच्या भोकांसकट बसतो. आपल्या गंजाड गावातल्या विद्यार्थ्याला याचं मोल शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा जास्त आहे. दुरुस्तीचा बाजार इथून लांब. डेस्कटॉपचा बिघडलेला भाग तेवढाच काढून पिशवीत घालून नेता येतो.

आता काम. गंजाड हे जिव्या सोमा मशे यांचं गाव. वारली चित्रकलेसाठी 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. इथली मुलं चित्रं काढतात, विकतात, आणि त्यांना ती स्कॅन करून छापायलाही द्यायची असतात. तेव्हा हेच उदाहरण घेऊ. ए-4 आकाराचं चित्र 600 डीपीआयला स्कॅन केलं की सुमारे साडेतीन कोटी ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर एका चित्राला मेमरीत शंभरेक एमबी जागा लागते. क्रितासारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचे दहा थर केले की झाला एक जीबी. शेजारी ब्राउझर उघडा असतोच. आठ जीबी रॅम इथे धापा टाकते, सोळा जीबी निवांत चालते.

सोळा घ्यायची तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या. ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच असेल तर ते रॅममधूनच जागा घेतं, आणि दोन पट्ट्यांमुळे डेटा दोन वाटांनी जातो. फरक डोळ्यांना दिसतो. पण 2025 च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले आहेत; एआयच्या डेटा सेंटरांनी मागणी ओढून नेली. पैसे पुरत नसतील तर आज आठची एकच पट्टी घ्या आणि मदरबोर्डवर दुसरी खाच रिकामी राहील एवढं पाहा. वर्षभराने तिथे त्याच प्रकारची आणि वेगाची दुसरी पट्टी बसेल.

ग्राफिक्स कार्ड या कामाला लागत नाही, प्रोग्रामिंग शिकायलाही लागत नाही. रायझन 5 5600जी किंवा इंटेल आय3-12100 यांसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असतंच. मात्र इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' अक्षर असेल तर ते नसतं. हे अक्षर न वाचता स्वस्त मिळाला म्हणून घेतला की घरी पडद्यावर काहीच उमटत नाही. साठवणीसाठी एसएसडीच घ्या, 500 जीबीची पुरते. वाचलेले पैसे मॉनिटरवर लावा. स्वस्त टीएन पडद्याकडे जरा खालून पाहिलं की गेरूचा रंग बदलतो. आयपीएस पडद्यावर तो स्थिर राहतो. छापून आलेलं चित्र वेगळंच दिसलं म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतं, तेव्हा पडद्याचं महत्त्व कळतं.

आता प्लगकडे येतो. माझ्या दृष्टीने आजचा खरा विषय हाच आहे. पावसाळ्यात वीज जाते, येते, येताना झटका देते. हा झटका सगळ्यात आधी झेलतो तो एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, आणि नेमकं तिथेच लोक पैसे वाचवतात. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस हातात घ्या आणि त्याच्यावरचं लेबल वाचा. वर ठळक '450 वॉट' असतं. खाली बारीक तक्त्यात 12 व्होल्टच्या रकान्यात समजा 18 अँपिअर लिहिलंय. बाराला अठराने गुणा. 216 वॉट! प्रोसेसर चालतो तो या 12 व्होल्टच्या लाइनवर, म्हणजे कामाची ताकद अर्धीसुद्धा नाही. चांगल्या 450 वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात 36 अँपिअरच्या आसपास आकडा असतो. आपल्या या कॉम्प्युटरला एवढी वीज लागतही नाही, जोर लावून काम करतानाही शंभर-दीडशे वॉट पुरतात. पण लेबलावरचा आकडा फुगवणाऱ्याने आतल्या भागांतही काटकसर केलेली असते, आणि असा एसएमपीएस जाताना मदरबोर्डलाही घेऊन जातो.

दुसरी गोष्ट अर्थिंग. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असं बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. एसएमपीएसच्या आत विजेची घाण गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडा प्रवाह पत्र्यावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर 115 व्होल्टच्या आसपास दाब राहतो. प्रवाह नगण्य असतो, तरी ही खूण दुर्लक्षायची नाही. बोर्डला तीन भोकं दिसतात, पण तिसऱ्याला वायर जोडलेलीच नसते, असं जुन्या घरांत सर्रास आढळतं. पार्ट घ्यायला जाण्यापूर्वी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. हा खर्च कॉम्प्युटरच्या खर्चातच धरा.

तिसरा यूपीएस. साधा 600 व्हीएचा, म्हणजे साधारण 360 वॉटचा, पुरतो. वीज गेल्यावर त्याने काही मिनिटं दिली की काम सेव्ह करून मशीन बंद करता आलं पाहिजे. त्याच्यावर तासभर काम करायची अपेक्षा ठेवू नका आणि प्रिंटर त्याला जोडू नका. घरच्यांना वीजबिलाची काळजी असेल तर सांगा: 120 वॉट धरले आणि रोज पाच तास वापर झाला, तर महिन्याला 18 युनिट.

ऑफिसातून निघालेले जुने कॉम्प्युटर स्वस्तात मिळतात. हात आखडता असेल तर तेही घ्यायला हरकत नाही. विंडोज 10 ची मदत 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या प्रोसेसरवर विंडोज 11 ला मायक्रोसॉफ्टची मान्यता नाही. तेव्हा चौथ्या पिढीचा आय5 घेतलात तर त्याच्यावर लिनक्स टाका. क्रिता आणि इंकस्केप ही चित्रांची दोन्ही सॉफ्टवेअरं तिथे फुकट चालतात.

खरेदीला मुंबईत जाणार असाल तर 2013 पासून डहाणू रोडहून थेट चर्चगेटची लोकल आहे. ग्रँट रोडला उतरलं की लॅमिंग्टन रोड, पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. चार दुकानांत भाव विचारा. पक्कं जीएसटी बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर लिहून मागा, कारण वॉरंटी दुकानाची नसते, त्या त्या कंपनीची असते. जोडणी तिथेच करून घेतलीत तर मशीन चालू करायला लावा, बायोसच्या पडद्यावर रॅम आणि प्रोसेसर स्वतः वाचा, मगच पैसे द्या. रिकामे खोके टाकू नका. आणि रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारी सकाळच्या गाडीने निघा.